उंचीची पट्टी: प्रकल्प नोंदी

११ ऑक्टोबर २०२५

प्रकल्पाचं स्वरूप आज एकदाचं ठरलं. एकच वेबपान, त्यावर एकच सरकपट्टी. पट्टीवर उपग्रहाची उंची, ३०० किलोमीटरपासून ३६,००० किलोमीटरपर्यंत. पट्टी ओढली की खालच्या रकान्यांतले आकडे बदलणार: सिग्नलच्या जाण्यायेण्याला किती वेळ लागतो, सगळी पृथ्वी झाकायला किमान किती उपग्रह हवेत, सूर्य मावळल्यावर ते किती वेळ चमकत राहतात, बंद पडले तर खाली यायला किती काळ जातो.

खालच्या कक्षेतल्या इंटरनेट उपग्रहांवरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, जिथे तार कधीच पोचली नसती तिथे नेट आलं. दुसरा म्हणतो, आकाशाची वाट लावली. दोघांचंही खरं आहे, आणि दोघांच्या म्हणण्याच्या मुळाशी एकच आकडा आहे. ज्या उंचीमुळे फायदा होतो, तोटाही तिच्यामुळेच. हे लेखात सांगण्यापेक्षा ज्याचं त्याने पट्टी ओढून बघावं.

गणित आणि कॅमेरा माझ्याकडे, पानाची मांडणी आणि आकृत्या मैत्रिणीकडे. तिची पहिलीच अट: "सूत्रं पानावर नकोत. ज्याला हवीत तो बटण दाबून बघेल." मान्य.

१४ ऑक्टोबर

वेळेचा रकाना झाला. हा सगळ्यात सोपा, कारण इथे प्रकाशाच्या वेगापलीकडे काही लागत नाही. घरच्या डिशपासून उपग्रह, तिथून जमिनीवरचं केंद्र, आणि उत्तर त्याच वाटेने परत: उंची चार वेळा कापायची. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारा, ३५,७८६ किलोमीटरवर असतो, म्हणजे नुसत्या प्रवासात ४७७ मिलिसेकंद. ५५० किलोमीटरवरचा उपग्रह थेट डोक्यावर असेल तर ७.३ मिलिसेकंद. तो क्षितिजापासून २५ अंशांवर तिरका असेल तर अंतर ११२० किलोमीटरच्या घरात जातं आणि वेळ १५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात यंत्रणेतल्या रांगा आणि जमिनीवरचं जाळं यांचा वेळ त्यात मिळवावा लागतो, तसं पानावर स्पष्ट लिहिलंय.

व्हिडिओ बघायला अर्धा सेकंद उशीर झाला तर बिघडत नाही. बोलताना मात्र तो जाणवतो, आणि दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. जुन्या सॅटेलाइट फोनवरून बोललेल्यांना हे सांगायला नको.

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, पोकळीत ३ लाख. त्यामुळे उपग्रह एकमेकांशी लेझरने बोलू लागले की लांबच्या पल्ल्यात वरचा रस्ता वळसा घेऊनही आधी पोचू शकतो. १०,००० किलोमीटरसाठी तंतूतून ५० मिलिसेकंद, वरून ४० च्या आसपास. तंतूची वाट नकाशावर कधीच सरळ नसते, त्यामुळे खरा फरक याहून मोठा निघेल.

२० ऑक्टोबर

संख्येचा रकाना चालू असतानाच बातमी आली: कालच्या उड्डाणांनंतर स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेने आजवर सोडलेल्या उपग्रहांची बेरीज १०,००० च्या पुढे गेली. पहिले ६० मे २०१९ मध्ये गेले होते. १०,००० मधले बरेच जळून गेलेत, कामात असलेले साडेआठ हजारांच्या आसपास. तरी पृथ्वीभोवती आज चालू असलेल्या सगळ्या उपग्रहांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या कंपनीचे. यावर मत काहीही असो, हा आकडा नजरेआड करता येत नाही. २४ जुलैला त्यांच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला तेव्हा जगभरची सेवा अडीच तास ठप्प होती. वर हजारो उपग्रह ठणठणीत, खाली सगळं बंद.

इतके लागतातच कशाला? पट्टी तेच दाखवते. उपग्रह क्षितिजाच्या वर किमान २५ अंश असावा अशी अट घातली, तर ५५० किलोमीटरवरून त्याला ९४० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ दिसतं. पृथ्वीचा हा १८४ वा भाग. १२०० किलोमीटरवर तो ५६ वा होतो, आणि ३४० वर उतरलं तर ४१३ वा. वर्तुळं एकमेकांवर चढल्याशिवाय गोल झाकला जात नाही, म्हणून खरी गरज याच्या कितीतरी पट. त्यातून उपग्रह जागेवर थांबत नाही. ५५० वरचा ९५.६ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो आणि बरोबर डोक्यावरून गेला तरी साडेचार मिनिटांत हाताबाहेर. डिश हलत नाही. तिच्यातले शेकडो छोटे अँटेना लहरींची वेळ किंचित मागेपुढे करून झोत वळवतात. कोणत्या डिशने कोणता उपग्रह धरायचा हे स्टारलिंकमध्ये दर १५ सेकंदांनी नव्याने ठरतं.

मैत्रिणीने विचारलं, "मग आठ हजार का? हजारात भागलं असतं ना?" झाकण्यापुरते भागले असते. पण एका उपग्रहाची क्षमता त्याच्या वर्तुळातल्या सगळ्यांत वाटली जाते. ग्राहक वाढले की उपग्रह वाढवायचे. पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाणी आहे, त्यावरून जाताना उपग्रहाला जहाजं आणि विमानं सोडली तर गिऱ्हाईक नाही. त्यात पहिल्या मुख्य थराच्या कक्षांचा विषुववृत्ताशी कल ५३ अंशांचा, त्यामुळे उपग्रह ५० ते ५३ अक्षांशांवर दाटीने असतात आणि विषुववृत्तावर विरळ. म्हणजे एका दाट शहराची गरज भागवायला सगळ्या पृथ्वीभोवती उपग्रह पेरावे लागतात, आणि तरी दाट शहरात ही सेवा तंतूला पुरी पडत नाही. तिची खरी जागा बेटं, जहाजं, डोंगर, आणि आपत्तीनंतरचे पहिले दिवस. जानेवारी २०२२ मध्ये हुंगा टोंगा ज्वालामुखीच्या उद्रेकाने समुद्राखालची केबल तुटली आणि टोंगा जगापासून तुटला, तेव्हा उपग्रहांखेरीज पर्यायच नव्हता.

२२ ऑक्टोबर

कॅमेऱ्याचं काम. लेमन धूमकेतू कालच पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता, अमावास्याही कालचीच. संध्याकाळी पश्चिमेला भूतप मंडळात, स्वातीच्या बाजूला. १३५ मिमी लेन्स, ताऱ्यांमागे फिरणारं माउंट, १० सेकंदांच्या फ्रेम्स.

धूमकेतूची वेळ आणि उपग्रहांची वेळ एकच पडली: सूर्य नुकताच खाली गेलेला, आणि पश्चिमेकडचे उपग्रह अजून उन्हात. शेपटीवरून तिरक्या रेषा. विमानाची रेष ओळखू येते, लुकलुकत्या दिव्यांचे ठिपके सुटे पडतात. उपग्रहाची रेष एकसारखी, कुठे कुठे किंचित फुगलेली, तो कोन बदलताना जास्त उजळला तिथे. तिरक्या अंतरावरून १० सेकंदांत तो साधारण ४ अंश सरकतो, म्हणजे फ्रेमचा निम्म्याला जरा कमी भाग.

नंतर कॅमेरा पूर्वेकडे वळवला. इकडची मजा वेगळी: रेष मध्येच संपते. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरतो ती जागा. टोक तुटल्यासारखं नसतं, मावळत जातं. सूर्याची तबकडी अर्धा अंश रुंद आणि उपग्रह सेकंदाला ०.०६३ अंश फिरतो, म्हणजे सावलीची कड सरळ ओलांडायला साडेआठ सेकंद. शेवटच्या तुकड्यात रंग तांबूस होतो, कारण तिथे पोचणारं ऊन वातावरण चाटून आलेलं असतं. हा तुकडा मोठा करून पानावर लावायचा. सावलीचा रकाना समजवायला याहून चांगली आकृती नाही.

फ्रेम्स एकत्र करताना सॉफ्टवेअर या रेषा काढून टाकतं: बाकीच्या फ्रेम्समध्ये त्या जागी जे आहे तेच खरं मानायचं. हौशी छायाचित्रासाठी ठीक. पण जे एकाच फ्रेममध्ये दिसणार होतं ते रेषेखाली गेलं की गेलंच.

२६ ऑक्टोबर

सावलीचा रकाना. माझ्या मते या पानाचा गाभा हाच.

डोक्यावरचा उपग्रह सावलीत जाण्यासाठी सूर्य क्षितिजाखाली किती अंश हवा, हे फक्त उंचीवर ठरतं. ५५० किमीला २३ अंश, १२०० किमीला ३२.७. खगोलशास्त्रीय रात्र, म्हणजे पुरता अंधार, १८ अंशांना सुरू होते. म्हणजे ५५० वाला रात्र पडल्यावरही काही काळ चमकतो आणि १२०० वाला बराच वेळ. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तासाला १५ अंश. तिथे ५५० वाले सूर्यास्तानंतर दीड तासाने डोक्यावरून विझलेले असतात. पण उन्हाळ्यात ४४ अक्षांशाच्या उत्तरेला मध्यरात्रीही सूर्य २३ अंश खाली जात नाही, तिथे ते रात्रभर दिसतात. १२०० किमीवरच्या वनवेब या दुसऱ्या इंटरनेट मालिकेसाठी हीच मर्यादा ३४ अक्षांशावर येते.

पट्टी ३४० वर आणली आणि आकडा आला १८.३ अंश. जवळजवळ नेमका रात्र सुरू होण्याचा क्षण! हे आधी कुठे वाचलं नव्हतं. उंची ठरवताना कुणी आकाशाचा विचार केला असता तर इथे खूण केली असती. अर्थात ही डोक्यावरची गोष्ट, सूर्याच्या बाजूचे त्यानंतरही दिसत राहतात.

मैत्रिणीचा आक्षेप बरोबर होता: "जवळ आला म्हणजे जास्त प्रखर नाही का दिसणार?" दिसेल. अंतर निम्मं झालं की प्रखरता चौपट. पण तो धावेलही दुप्पट, त्यामुळे सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर निम्माच वेळ थांबेल. रेष चौपट नाही, दुप्पट उजळते. नुसत्या डोळ्यांना खालचा उपग्रह जास्त खुपतो, दुर्बिणीला त्या मानाने कमी.

प्रखरता कमी करायचे प्रयत्न झालेत. जानेवारी २०२० मध्ये एक उपग्रह काळपट करून सोडला. जून २०२० मध्ये सूर्याला आडोसा करणारी झडप आली. मग उपग्रहांवर लेझर बसले, झडप त्यांच्या आड येऊ लागली, म्हणून तीही गेली आणि पृथ्वीकडच्या बाजूवर ऊन दुसरीकडे परतवणारी आरशासारखी फिल्म आली. आंतरराष्ट्रीय खगोल संघाची अपेक्षा ७ व्या प्रतीहून मंद उपग्रहांची आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). तेवढा मंद उपग्रह डोळ्यांना दिसतच नाही, मग आग्रह का? चिलीतल्या सेरो पाचोनवरच्या रुबिन वेधशाळेमुळे. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा. त्यात उजळ रेष आली की इलेक्ट्रॉनिक्समुळे शेजारी तिच्या भुताटकी रेषाही उमटतात, आणि त्या पुसणं मूळ रेषेपेक्षा अवघड. सर्वात जास्त फटका संधिप्रकाशात सूर्याच्या दिशेने लघुग्रह शोधणाऱ्यांना बसतो. पृथ्वीकडे त्या बाजूने येणारे दगड हेरायला दुसरी वेळच नसते.

५ नोव्हेंबर

पौर्णिमा. कॅमेरा पेटीत.

रेडिओची टीप लिहिली. रेडिओ दुर्बिणीला दिवसरात्र, ऊनसावली सारखीच, त्यामुळे सावलीचा रकाना तिच्या उपयोगाचा नाही. मुद्दाम सोडलेल्या लहरी वेगळ्या, त्यांना नियम आहेत, पट्टे राखून ठेवलेत. पण नेदरलँड्समधल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीने ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये ऐकलं तेव्हा ६८ पैकी ४७ उपग्रहांमधून अजाणता गळणारा गोंगाट सापडला. हे २०२३ सालचं. पुढच्या वर्षी नव्या पिढीच्या उपग्रहांत तो ३२ पटींपर्यंत वाढलेला आढळला. उपग्रहाच्या आतल्या विजेच्या यंत्रणेची ही गळती, तिच्यावर बंधन घालणारा नियम नाही.

१३ नोव्हेंबर

११ तारखेला सूर्यावर एक्स ५.१ ज्वाळा (एक्स हा सगळ्यात तीव्र वर्ग), त्या रात्री आणि काल मोठं भूचुंबकीय वादळ. अमेरिकेच्या अगदी दक्षिणेकडे अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, दिसली. आम्हाला तयार उदाहरण मिळालं.

खाली यायला लागणारा काळ हा रकाना मी टाळत होतो, कारण यात एक आकडा देणं धाडसाचं. वादळात वरचं वातावरण तापून फुगतं आणि खालच्या उपग्रहांना होणारा हवेचा रोध वाढतो. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंकपैकी चाळीसच्या आसपास असेच गेले. ते २१० किमीवर होते आणि वर चढायच्या आत वादळाने गाठलं. ते वादळ काही फार मोठंही नव्हतं.

शेवटी आकड्यांऐवजी पट्टे ठेवले. ३४० ला आठवडे ते महिने, ५५० ला काही वर्षं, ८०० ला शतकाच्या हिशोबात, १२०० ला हजार वर्षांहून जास्त. सूर्याचा ११ वर्षांचा फेरा यात ढवळाढवळ करतो, म्हणून पट्ट्यांच्या कडा मुद्दाम धूसर काढल्या. मैत्रिणीला ते अस्ताव्यस्त वाटतंय. मला तेच प्रामाणिक वाटतं. कडा धूसरच राहतील.

जाता जाता: कक्षेच्या माहितीचा दोन ओळींचा जुना साचा आता बदलावा लागणार. त्यात उपग्रहाच्या क्रमांकाला पाचच जागा आहेत, आणि पाच आकडी क्रमांक संपत आलेत. हा साचा ठरला तेव्हा आकाशात एवढी गर्दी होईल असं कुणाच्या मनात असणार?

१९ नोव्हेंबर

टक्कर. १० फेब्रुवारी २००९ ला सैबेरियावर ७८९ किमी उंचीवर चालू असलेला इरिडियम ३३ आणि बंद पडलेला कॉसमॉस २२५१ हे दोन उपग्रह सेकंदाला ११.७ किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने आदळले. तुकडे अजून फिरताहेत. हीच टक्कर ५५० वर झाली असती तर बहुतेक तुकडे एव्हाना जळून गेले असते. उंची हा स्वच्छतेचाही आकडा आहे. म्हणून १२०० किमीवरची वनवेबची साडेसहाशे उपग्रहांची मालिका मला ५५० वरच्या हजारोंपेक्षा एका अर्थी जास्त काळजीची वाटते. प्रखर दिसत नाही म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, एवढंच.

अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये काम संपल्यावर ५ वर्षांत उपग्रह खाली आणण्याचा नियम केला. आधीची शिफारस २५ वर्षांची होती. टक्कर टाळण्याचं काम आता माणसाच्या हातात राहिलेलं नाही. स्टारलिंक उपग्रह आपोआप बाजूला होतात, आणि २०२५ च्या मेपर्यंतच्या सहा महिन्यांत अशा हालचाली १ लाख ४० हजारांच्या वर गेल्या. एकाच मालकाचे उपग्रह एकमेकांना ओळखतात. खरा प्रश्न शेजाऱ्याचा. ॲमेझॉनच्या इंटरनेट उपग्रहांच्या प्रकल्पाचं नाव नुकतंच लिओ झालं, त्याचे ३,२३६ ठरलेत, ५९० ते ६३० किमीवर. चीनची छ्यानफान मालिका त्याच्याही वर.

२७ नोव्हेंबर

इथवर पट्टी एकच गोष्ट सांगत होती: खाली या. वेळ कमी, सावली लवकर, कचरा लवकर साफ. आजच्या रकान्याने ते मोडलं.

खाली आलेला उपग्रह जातो कुठे? जळतो, म्हणजे त्याची धूळ होते. उपग्रहात ॲल्युमिनियम भरपूर असतं, उल्कांच्या दगडात जेमतेम एक टक्का. २०२४ च्या एका गणितानुसार २५० किलोचा उपग्रह जळताना सुमारे ३० किलो ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मागे ठेवतो. हे कण ओझोन खाणाऱ्या क्लोरीनच्या अभिक्रियांना पृष्ठभाग पुरवतात, आणि ओझोनच्या थरापर्यंत उतरायला त्यांना दशकं लागू शकतात. हे नुसतं गणितही नाही. २०२३ मध्ये अलास्कावरून स्थितांबरात उडवलेल्या संशोधन विमानाने तिथले गंधकाम्लाचे कण तपासले, तेव्हा मोठ्या कणांपैकी सुमारे १० टक्क्यांत जळालेल्या यानांचा धातू निघाला. त्यात नायोबियम आणि हाफ्नियम होतं. उल्का हे धातू अशा प्रमाणात आणत नाहीत, रॉकेटचे मिश्रधातू आणतात.

हिशोब: १०,००० उपग्रह, प्रत्येकाचं आयुष्य ५ वर्षं, म्हणजे वर्षाला २,०००, दिवसाला पाच-सहा. २५० किलोचा जुना उपग्रह धरला तरी वर्षाला ६० टन कण. नवे त्याहून जड आहेत. आणि ३४० वर उतरायचं तर झाकायला दुपटीहून जास्त लागणार, रोधाशी झगडण्यात इंधन जाणार, म्हणजे बदलावेही लवकर लागणार. बाकी रकाने हिरवे होतात तेव्हा हा लाल होतो.

मोबाइलला थेट जोडणारे उपग्रह इथेच अडकलेत. फोनचा क्षीण आवाज ऐकायचा तर एक तर खाली या, स्टारलिंकचे तसे उपग्रह ३६० किमीच्या आसपास आहेत, नाहीतर कान मोठा करा. ब्लूवॉकर ३ या चाचणी उपग्रहाने २०२२ मध्ये ६४ चौरस मीटरचा अँटेना उघडला आणि काही वेळा तो आकाशातल्या सर्वात ठळक ताऱ्यांच्या बरोबरीने चमकला.

४ डिसेंबर

पान काही जणांना वापरायला दिलं. बहुतेकांनी पट्टी खालपासून वरपर्यंत एकदा ओढली आणि विचारलं, "मग बरोबर उंची कोणती?" मैत्रीण म्हणाली, "हिरवा ठिपका देऊ या का एखादा?" मी नको म्हटलं. ध्रुवाजवळच्या बोटीवरचा माणूस, रुबिनवर लघुग्रह शोधणारा आणि ओझोन मोजणारा, तिघे ठिपका तीन ठिकाणी ठेवतील. त्याऐवजी रकान्यांचा क्रम वापरणाऱ्याला बदलता येईल असं करायचं. त्याला जे महत्त्वाचं ते वर.

९ डिसेंबर

एका पट्टीचा हट्ट सोडला. दुसरी पट्टी घेतोय: संख्या. जळण्याचा रकाना, टकरीचा धोका आणि आकाशातल्या रेषा हे तिन्ही उंची गुणिले संख्या असे चालतात, आणि संख्या पक्की धरून उंचीवर वाद घालणं म्हणजे निम्मं गणित झाकून ठेवणं. वेळेचा आणि सावलीचा रकाना तेवढे संख्येपासून मोकळे.

दुसऱ्या पट्टीचं वरचं टोक कुठे ठेवायचं यावर आज गाडी अडली. स्टारलिंकने आजवर सोडलेल्या १०,००० वर ठेवलं तर पान वर्षभरात जुनं होईल. कंपन्यांनी आणि देशांनी मागितलेल्या परवान्यांची बेरीज घेतली तर पट्टी इतकी लांबते की आजची स्थिती डावीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसते. तात्पुरता १,००,००० ठेवलाय. मैत्रीण मोजमाप लॉगरिदमिक करून बघतेय. तिचं जमलं की पुढची आवृत्ती चढवू.